मेंदू आवडतो म्हणजे नेमके काय आवडते?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आठ दिवस माझ्याकडे सांगलीला राहायला आली होती. तिचे बारावीचे वर्ष होते आणि पुढे ‘न्यूरो’ करायचे हे तिने दहावीतच ठरवून टाकले होते. न्यूरो म्हणजे काय, असे विचारले की ती ‘मेंदू’ एवढेच सांगे. तिची मेंदूविषयीची सगळी माहिती मोबाइलवरच्या चित्रफितींतून आलेली होती आणि त्यातील बरीचशी बरोबर होती, हे मला मान्य करावे लागेल. तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, या सगळ्यातून एकच गोष्ट ऐकू येत होती, ती म्हणजे मुलगी मावशीसारखी डॉक्टर होणार. मला मात्र शंका होती, कारण मेंदू आवडतो म्हणजे मेंदूचे डॉक्टरच व्हायचे, ही गल्लत मी स्वतः अठराव्या वर्षी केली होती आणि ती लक्षात यायला मला अकरा वर्षे लागली. म्हणून उपदेश करण्याऐवजी मी तिला रोज सकाळी माझ्या ओपीडीत एका कोपऱ्यात स्टूल देऊन बसवले. प्रत्येक रुग्णाला आधी विचारत होते आणि कुणी नको म्हटले की ती निमूटपणे बाहेर जाऊन बाकावर बसत होती.

माझ्या दारावरच्या पाटीवर ‘मेंदू व मज्जाविकार तज्ज्ञ’ असे लिहिले आहे, पण गावात मी ‘नसांची डॉक्टर’ आहे. मराठीत नस हा शब्द मज्जातंतूला चालतो, रक्तवाहिनीला चालतो आणि आखडलेल्या स्नायूलाही चालतो. त्यामुळे पायावरच्या फुगलेल्या निळ्या शिरा दाखवायला येणारे लोक माझ्याकडे महिन्यातून दोन-तीन तरी असतात आणि त्यांना रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवताना ‘मग पाटीवर कशाला लिहिलंय?’ असा चेहरा मला पाहावा लागतो. काही जण ऑपरेशनचा खर्च विचारत आत येतात. ऑपरेशन न्यूरोसर्जन करतो, मी करत नाही, हे कळल्यावर त्यांचा माझ्यावरचा विश्वास किंचित कमी होतो. आणि काही जण दार लावून घेऊन हळूच सांगतात की आमच्या माणसाला वेड लागलेले नाही, तेव्हा मानसोपचाराच्या गोळ्या देऊ नका. न्यूरॉलॉजी, न्यूरोसर्जरी आणि सायकियाट्री या तीन शाखांच्या सरहद्दी रुग्णाला माहीत असाव्यात, अशी अपेक्षा मी केव्हाच सोडून दिली आहे. पण बारावीच्या मुलाला, निदान न्यूरोसायन्स (मेंदू कसा चालतो याचे विज्ञान) आणि न्यूरॉलॉजी (मेंदू व मज्जातंतूंच्या आजारांचे वैद्यक) यांच्यामधली सरहद्द तरी माहीत हवी.

न्यूरॉलॉजीकडे कशा वळलात, असे विचारणाऱ्यांना आजारी आजीची गोष्ट अपेक्षित असते. माझ्याकडे तशी आजी नाही. माझी आजी गुहागरला ब्याण्णव वर्षे ठणठणीत जगली आणि शेवटपर्यंत हिशेबात कुणाला हार गेली नाही. मला या विषयाचा नाद लागला तो माकळीमुळे. शरीरक्रियाशास्त्राच्या पहिल्या वर्षी आम्हाला हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांचे प्रयोग शिकवले गेले. माणसाचा मज्जातंतू अनेक बारीक धाग्यांचा बनलेला असतो आणि एकेक धागा काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा असतो. पण माकळी किंवा माकूळ (स्क्विड) या समुद्रातल्या प्राण्याच्या अंगात एक धागा इतका जाड असतो, अर्धा ते एक मिलिमीटर, की त्याच्या आत लांबीच्या दिशेने तार सरकवता येते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्लिमथ येथे या दोघांनी नेमके तेच केले, आणि सोडियम आत शिरल्याने व पोटॅशियम बाहेर पडल्याने विजेचा ठोका कसा निर्माण होतो व पुढे कसा पळतो, याची समीकरणे १९५२ साली मांडली. संगणक हाताशी नव्हता, म्हणून हक्सलीने हाताने दांडा फिरवण्याच्या गणनयंत्रावर ती सोडवली. १९६३ साली त्यांना नोबेल मिळाले. तोवर मी माकूळ पाहिले होते ते आमच्या बाजारात, आणि शाईची पिशवी जपून काढून टाकल्यावर कालवणात. ज्या प्राण्याला मी कोयतीवर साफ केले होते त्याच्यातून विचाराची वीज कळली, या गोष्टीने मला इतके झपाटले की त्या रात्री मी वसतिगृहात कुणाशी धड बोलले नाही.

त्याच वर्षी शवविच्छेदनाच्या दालनात मेंदू हातात आला. तो एका प्लास्टिकच्या बादलीत फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवलेला असे, डोळ्यांतून पाणी यायचे, आणि तो पनीरसारखा घट्ट लागायचा. ताजा मेंदू तसा नसतो; तो टेबलावर ठेवला तर स्वतःच्या वजनाने पसरतो, हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळले. या सव्वा-दीड किलोच्या गोळ्यात सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी असतात, हे वाचून मी मान हलवली आणि ठरवले की आपण याचेच डॉक्टर व्हायचे. ‘मला हे कसे चालते ते जाणून घ्यायचे आहे’ आणि ‘मला हे बिघडलेल्या माणसांसोबत आयुष्य काढायचे आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, हे मला तेव्हा कुणी सांगितले नाही. सांगितले असते तरी मी ऐकले नसते.

पुढचा रस्ता लांब होता आणि त्यातला फार थोडा भाग मेंदूतून जात होता. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप. मग बंधपत्राचे एक वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात, जिथे विंचूदंश, बाळंतपणे आणि पल्स पोलिओच्या खुणा केलेली घरे हेच जग होते. मग एमडी मेडिसिनची तीन वर्षे, ज्यांत डेंग्यू, हृदयविकार, मूत्रपिंड आणि कीटकनाशक प्यायलेली तरुण मुले. आणि त्यानंतर डीएम न्यूरॉलॉजीची तीन वर्षे. माझ्या वेळी डीएमसाठी जवळजवळ प्रत्येक संस्थेची परीक्षा वेगळी असल्याने बॅग घेऊन गावोगाव फिरावे लागे. २०१७ पासून बहुतेक संस्थांसाठी नीट-एसएस ही देशभर एक परीक्षा झाली. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत एमबीबीएसनंतर थेट पाच वर्षांचे डीएमही करता येते, आणि ज्याला याच शाखेची खात्री आहे त्याने त्या मार्गाचा विचार जरूर करावा. एकूण हिशेब असा की नेहमीच्या मार्गाने बारावी होऊन बारा-तेरा वर्षे गेल्याशिवाय कुणी स्वतःला न्यूरॉलॉजिस्ट म्हणवून घेऊ शकत नाही. मधल्या एमडीच्या तीन वर्षांत मेंदूचे वेड असलेले माझे दोन वर्गमित्र गळाले आणि हृदयाकडे गेले. ते सुखी आहेत.

डीएमच्या पहिल्याच आठवड्यात, मुंबईच्या एका वॉर्डात, मी एका रुग्णाची माहिती सांगून झाल्यावर अतिशय आत्मविश्वासाने आजाराचे नाव घेतले. सरांनी ते ऐकूनच घेतले नाही. ‘आजार काय ते नंतर. कुठे आहे?’ एवढेच ते म्हणाले. दोष मेंदूच्या पृष्ठभागावर आहे, आतल्या पांढऱ्या भागात आहे, मेंदूच्या देठात आहे, मज्जारज्जूत आहे, तिथून निघणाऱ्या मुळांत आहे, हातापायाच्या मज्जातंतूत आहे, तंतू आणि स्नायू जिथे भेटतात त्या जागी आहे की स्नायूतच आहे? प्रत्येक जागेची स्वतःची सही असते आणि ती वाचायला लागणारी साधने एका पिशवीत मावतात: गुडघ्यावर मारायची हातोडी, १२८ कंपनांचा नादकाटा, टाचणी, कापूस, बॅटरी आणि तळपायावर ओढायला एक किल्ली. किल्ली टाचेपासून करंगळीच्या बाजूने वर ओढली आणि अंगठा खाली वाकण्याऐवजी वर उठला, तर मेंदूकडून खाली येणाऱ्या मार्गात कुठेतरी बिघाड आहे, हे बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरने १८९६ साली सांगितले आणि आजही ते तितकेच खरे आहे.

‘कुठे’ विचारण्याच्या या सवयीतून केवढे काम उभे राहू शकते, याचे मुंबईतलेच उदाहरण आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवले जाई. जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजी उभी करणारे डॉ. नोशीर वाडिया यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९७१ साली नऊ कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या कुटुंबांतील माणसांचा चालताना तोल जाई. असे आजार पूर्वीही माहीत होते. पण वाडियांच्या लक्षात आले की या लोकांचे डोळे एका वस्तूवरून दुसरीकडे झटकन उडी मारत नाहीत, तर हळूहळू सरकत जातात. म्हणजे बिघाड केवळ लहान मेंदूत नाही, देठातही आहे, आणि हा आजार वेगळा आहे. त्या आजाराचे जनुक सापडले १९९६ साली. पंचवीस वर्षे तो आजार केवळ कुणीतरी डोळ्यांकडे नीट पाहिले होते म्हणून ओळखता येत होता.

आता माझ्या ओपीडीकडे येते. भाचीच्या दुसऱ्या दिवशी जत तालुक्यातल्या एक बाई आल्या, वय चाळीसच्या आसपास, द्राक्षबागेत रोजंदारीवर जाणाऱ्या. चार महिन्यांपासून पाय जड झाले होते, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नव्हते. पाठीत दुखत होते म्हणून कुठेतरी कमरेचा एमआरआय काढला होता, त्यात एका गादीचा थोडा फुगवटा निघाला होता आणि ‘नस दबली आहे’ असे सांगून ऑपरेशनची तारीखही ठरली होती. मी अहवालाची पिशवी बाजूला ठेवून त्यांना चालायला सांगितले. पाय सैल नव्हते, काठीसारखे ताठ होते. हातोडी लावताच गुडघे उडाले. पाऊल हाताने झटक्यात वर ढकलून धरले तर ते आपोआप थरथर नाचत राहिले. किल्लीने दोन्ही अंगठे वर उठले. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो आणि त्याच्या खाली फक्त मुळांचा झुबका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. तिथे दाब आला तर पाय लुळे पडतील आणि गुडघे हातोडीला उत्तर देणार नाहीत. म्हणजे कमरेच्या फोटोत काहीही दिसो, या पायांचे कारण तिथे असणे शक्य नव्हते. ते त्या फोटोच्या चौकटीच्या वर कुठेतरी होते.

मग मी टाचणी घेतली आणि पावलापासून वर येऊ लागले. घोटा, नडगी, मांडी. बाई छताकडे पाहत ‘नाही, बोथट... बोथट’ म्हणत होत्या. बेंबीच्या जरा वर टाचणी आली आणि त्या दचकून म्हणाल्या, ‘आता टोचलं बगा!’ बेंबी म्हणजे छातीच्या भागातील दहावा खंड. मज्जारज्जू पाठीच्या कण्यापेक्षा आखूड असल्याने दहावा खंड सातव्या-आठव्या मणक्यापाशी येतो. पाठीवरून बोट फिरवले, तिथे एक मणका किंचित बाहेर आलेला लागला आणि त्यावर टिचकी मारताच त्या कळवळल्या. छातीच्या भागाच्या एमआरआयमध्ये सातवा आणि आठवा मणका पोखरलेला, मधली गादी नाहीशी झालेली आणि पू मज्जारज्जूला दाबत असलेला दिसला. हाडाचा क्षय. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ साली ज्याचे वर्णन केले, तोच हा आजार आजही आपल्या गावांत आहे. मणक्याच्या सर्जननी दाब मोकळा केला, पुवाच्या तपासणीत क्षयाचे जंतू मिळाले आणि क्षयाची औषधे सुरू झाली. ती वर्षभर चालायची आहेत. परवा बाई तपासणीला आल्या तेव्हा काठी घेऊन का होईना, पण एकट्या एसटीने आल्या.

माझ्या दृष्टीने न्यूरॉलॉजी म्हणजे ही दहा मिनिटे. यात सोडियमच्या समीकरणांचा काही संबंध नाही. यात शरीररचना आहे, पाठांतर आहे, संयम आहे, आणि समोरचे माणूस ‘बोथट’ म्हणते तेव्हा त्याला नक्की काय म्हणायचे आहे हे ओळखणे आहे. भाचीने सगळे नीट पाहिले, ‘भारी आहे’ म्हणाली आणि बाई गेल्यावर मोबाइल उघडला. मी ते मनात नोंदवून ठेवले.

चौथ्या दिवशी सात वर्षांचा एक मुलगा आला. दुसरीत शिकत होता. वर्गात लक्ष नसते, मध्येच हरवतो, हाक मारली तर ऐकत नाही, अशी शाळेतून वहीवर लाल शाईने तीनदा तक्रार आली होती आणि वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षाही झाली होती. आईने सांगितले की घरीही घास तोंडात धरून बसतो. मी त्याच्या हातात कागदाची पट्टी दिली आणि ती उडत राहील अशी जोरात फुंकर मारत राहायला सांगितले. मुलांना हा खेळ आवडतो. साधारण दीड मिनिट पट्टी फडफडत होती, आणि मग ती खाली लोंबली. मुलगा तसाच बसलेला, डोळे उघडे, पापण्यांची बारीक लवलव. मी त्याला म्हटले, ‘कावळा.’ आठ-दहा सेकंदांनी तो जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुन्हा फुंकायला लागला. ‘मी काय म्हटलं होतं?’ त्याला ठाऊक नव्हते. आईला कळले आणि त्यांनी पदर तोंडाला लावला, कारण याच गोष्टीसाठी त्यांनी त्याला मारलेही होते.

त्याच दुपारी ईईजी, म्हणजे मेंदूतील विजेचा आलेख, झाला. (ईईजीला येताना केसांना तेल लावू नका, असे आम्ही कितीही बजावले तरी डॉक्टरांकडे जायचे म्हणून मुलाला तेल चोपडून, भांग पाडून आणणारी आई दर आठवड्याला भेटतेच, मग आमच्या तंत्रज्ञ ताई आधी त्याचे डोके धुतात.) हान्स बर्गरने माणसाच्या मेंदूतील विजेची नोंद १९२९ साली प्रसिद्ध केली आणि १९३५ साली या विशिष्ट आजाराची, म्हणजे काही सेकंद भान हरपणाऱ्या ‘अ‍ॅबसन्स’ प्रकारच्या फेफऱ्याची, नक्षी ओळखली गेली: सेकंदाला तीन वेळा, एक टोक आणि एक लाट, एक टोक आणि एक लाट, डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी, शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी. पडद्यावर ती नक्षी उमटली तेव्हा भाची स्टूलवरून उठून माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली होती.

त्या रात्री जेवताना आणि नंतर भांडी आवरेपर्यंत तिने मला सोडले नाही. तीनच का, चार का नाही? दोन्ही बाजूंना एकदम कसे सुरू होते? मुलगा पडत का नाही? बंद होते ते कशाने? मला जे ठाऊक होते ते मी सांगितले: मेंदूच्या मध्यभागी असलेला थॅलॅमस आणि बाहेरचे आवरण यांच्यात एक येरझार चालू असते; थॅलॅमसच्या पेशींत टी प्रकारच्या कॅल्शियमच्या वाहिन्या, म्हणजे कॅल्शियम आत घेणारी दारे, असतात; झोपेत याच पेशी तालावर ठोके देतात आणि या मुलांत तशीच काहीशी लय जागेपणी घुसते. या आजारावरचे एथोसक्सिमाइड हे औषध १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे, पण ते त्या कॅल्शियमच्या वाहिन्यांना अडवते हे १९८९ साली दाखवले गेले. म्हणजे तीस वर्षे डॉक्टर ते औषध देत होते, मुले बरी होत होती आणि कारण कुणाला ठाऊक नव्हते.

‘तीस वर्षं? आणि त्यांना चैन कशी पडली, मावशी?’ असे तिने विचारले.

मला हा प्रश्न कधीच पडला नव्हता. माझ्या पिढीतील कुठल्याही न्यूरॉलॉजिस्टला तो रात्री झोपू देत नसेल असे वाटत नाही. मुलगा वर्गात हरवायचा थांबला की आम्हाला चैन पडते. तिला नाही पडली. पुढच्या तिच्या दोन प्रश्नांना मी ‘माहीत नाही’ म्हटले तेव्हा तिला आधी धक्का बसला आणि मग आनंद झाला, आणि त्या आनंदावरून मला जे समजायचे ते समजले.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिला मुंबईत कुलाब्याला असलेल्या टीआयएफआर या मूलभूत विज्ञानाच्या संशोधन संस्थेबद्दल सांगितले. ओबेद सिद्दिकी यांनी तिथे १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पुढे ते पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाश्यांकडे वळले. अमेरिकेत सीमोर बेन्झर यांच्यासोबत त्यांनी अशा माश्यांवर काम केले, ज्या थोड्या गरम केल्या की लुळ्या पडतात आणि थंड केल्या की पुन्हा उडू लागतात. एका जनुकातील बिघाडाने मज्जातंतूतला संदेश तापमानाबरोबर बंद-चालू होत होता. १९७६ साली ते काम प्रसिद्ध झाले. त्यात एकही रुग्ण नव्हता. पण मज्जापेशी एकमेकींशी कशा बोलतात हे उलगडायला अशा माश्यांचा केवढा उपयोग झाला! या वाटेने जायचे तर नीटची गरज नाही. आयसर पुणे ही विज्ञानाचे शिक्षण व संशोधन यांची संस्था २००६ सालापासून आहे, तिथे पाच वर्षांचे बीएस-एमएस होते. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि सिद्दिकींनीच उभारलेले एनसीबीएस हे जीवशास्त्राचे संशोधन केंद्र आहे. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. निम्हान्समध्येही मज्जाविज्ञानात पीएचडी करता येते. गणित आणि भौतिकशास्त्र मात्र सोडता येत नाही. ‘बायो’ घेतले म्हणजे गणित सुटले असे समजून या विषयाकडे येणारी मुले दोन वर्षांत कंटाळतात, असे या क्षेत्रातील माझे मित्र सांगतात आणि मला ते पटते, कारण हॉजकिन-हक्सलींची समीकरणे मी आजतागायत मनापासून समजून घेतलेली नाहीत. पीएचडीला पाच-सहा वर्षे, मग एखाद-दुसरी पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची जागा), बहुधा परदेशात, आणि मग नोकरीचा शोध. वर्षांचा हिशेब माझ्याइतकाच होतो. पैशांचा होत नाही, आणि हे ताईला मी स्पष्ट सांगितले.

दोन्ही वाटांची गाठ पडत नाही असे नाही. कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराचे, पाहा. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले, ससे निश्चल झाले. मग मेंदूत ज्यापासून डोपामिन हे संदेशवाहक रसायन बनते ते एल-डोपा टोचले, ससे हिंडू लागले. हे रेसर्पिन आले होते आपल्या सर्पगंधेच्या मुळातून. १९६० साली व्हिएन्नात कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचे सापडले आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस एल-डोपाच्या मोठ्या मात्रेने रुग्ण उठून चालू लागले. हेच एल-डोपा आमच्या कोकणातल्या कुंपणांवर चढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत असते, आणि १९३७ साली भारतीय संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळे काढले होते. ही गोष्ट सांगायला सुंदर आहे, पण माझ्या टेबलावर ती वेगळ्या रूपात येते. त्याच आठवड्यात एक निवृत्त शिक्षक आले. गोळ्या त्याच, मात्रा तीच, तरी मान आणि खांदे सतत सापासारखे वळवळत होते, जसे औषध जास्त झाल्यावर होते. तीनदा विचारले तेव्हा त्यांच्या पत्नीने पर्समधून कवचबीजाच्या, म्हणजे खाजकुइलीच्या बियांच्या, चूर्णाची पुडी काढली. ‘झाडपाल्याचंच आहे, त्यानं काय होतंय, म्हणून सांगितलं नाही.’ पुडीवर एल-डोपाचे प्रमाण लिहिलेले नव्हते. मी ते चूर्ण थांबवायला सांगितले, रागावले नाही. चूर्ण झाडपाल्याचे होते हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते, फक्त त्या झाडपाल्यातच औषध होते.

या व्यवसायात आजाराइतकाच वेळ आजाराभोवतीच्या गोष्टींना जातो, हेही मी भाचीला दाखवले. फिट आल्यावर नाकाला कांदा किंवा चप्पल लावणे, लग्न ठरले की फेफऱ्याच्या गोळ्या गुपचूप बंद करणे आणि मग मांडवातच फिट येणे, हे मी अजून पाहते. हिंदू विवाह कायद्यात फेफरे हे लग्नाला अडथळा म्हणून नोंदलेले होते; १९९९ साली तो शब्द काढला गेला, पण लोकांच्या मनातून तो निघाला नाही. आणि रात्रीचे फोन. अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. १९९५ सालच्या ज्या अभ्यासाने ते प्रचारात आले, त्यात ते घेतलेल्यांपैकी शंभरात सहा जणांच्या मेंदूत धोकादायक रक्तस्राव झाला होता. पहाटे तीन वाजता एखाद्याच्या बायकोला हा आकडा सांगून पाच मिनिटांत हो की नाही विचारायचे असते. अशा वेळी कुतूहल उपयोगी पडत नाही. मला हे काम आवडते. ते आवडायला मेंदू आवडावाच लागतो असे नाही. माणसे मात्र आवडावी लागतात, उशिरा येणारी आणि पुडी लपवणारीसुद्धा.

आठव्या दिवशी तिला स्टँडवर सोडायला गेले तेव्हा एसटीच्या खिडकीतून ती म्हणाली, ‘मावशी, त्या बाईंचं तू बरोब्बर शोधलंस, पण मला ते शोधायला नाही आवडणार. मला त्या मुलाचे दहा सेकंद हवेत.’ मी म्हटले, आईला तूच सांग. तिने जानेवारीत सांगितले आणि आठवडाभर घरात अबोला होता. मग मी ताईला फोन करून पगार, शिष्यवृत्ती आणि परदेशाचे जे काही खरे आहे ते सगळे सांगितले, आणि जे वाईट आहे तेही. आता भाचीने आयसरची परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे. नीटही दिली, ती आईच्या समाधानासाठी.